संशोधकांचे गुरू : डॉ. वसंत रामजी खानोलकर

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे, ही प्रथा आम्हांस फार मोलाची वाटते. सभासदांची यादी, जमाखर्चाचा तक्ता आणि गुणवंतांची छायाचित्रे ही स्मरणिकेची अंगे आवश्यकच आहेत. परंतु घरातील मुलाने ती चाळून बाजूस ठेवल्यावर त्याच्या मनात काही उरावे, असे वाटत असेल तर चरित्रासारखे दुसरे साधन नाही. यंदाचे आमचे चरित्रनायक आपल्या ज्ञातीचे नव्हेत, आपल्या बीड जिल्ह्याचेही नव्हेत. तरीही त्यांचीच निवड आम्ही केली आहे, आणि तिचे कारण वाचकांस लेखाच्या ओघात कळून येईल.

आपल्या समाजातील मुले व मुली आता मोठ्या संख्येने डॉक्टर होऊ लागल्या आहेत. शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, फार काय, ऊसतोडीस जाणाऱ्या घरातील मुलानेही वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळविल्याची वार्ता कानी येते, तेव्हा आयुष्य फळ्यासमोर घालविलेल्या आमच्यासारख्यास धन्यता वाटते. परंतु ह्या तरुण डॉक्टरांपैकी रोगाचे मूळ शोधण्याच्या कामास, म्हणजे संशोधनास, वाहून घेणारे किती, असा प्रश्न केला तर बोटे मोजावयास एक हातही पुष्कळ होतो. हे असे का व्हावे? बुद्धीत उणेपणा आहे, असे आम्हांस मुळीच वाटत नाही. उणीव आहे ती वाट दाखविणाऱ्याची. अशी वाट दाखविण्याचे कार्य ज्यांनी आपल्या देशात प्रारंभीच्या काळात केले, आणि ज्यांस भारतातील विकृतिशास्त्राचे व वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून गौरविले जाते, ते डॉ. वसंत रामजी खानोलकर होत.

डॉ. खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी एका गोमंतकीय कुटुंबात झाला. पुढे गोमंतक मराठा समाज ह्या नावाने जो समाज संघटित झाला, त्या समाजाचे ते होत. ह्या समाजाच्या घरांतून संगीत, नाट्य आणि अन्य कलांची अखंड उपासना झाली. महाराष्ट्राने त्यांच्या गाण्यास माना डोलविल्या, पण पंक्तीला बसविताना मात्र मान वळविली. ज्या समाजास प्रतिष्ठेचे स्थान दीर्घकाळ नाकारले गेले, त्या समाजातील एक मुलगा पुढे मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू झाला, ही गोष्ट प्रत्येक ज्ञातिसंस्थेने आपल्या मुलांस आवर्जून सांगण्यासारखी आहे.

लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी त्यांनी १९२३ साली संपादन केली. विकृतिशास्त्र म्हणजे ज्यास सर्वसामान्यतः पॅथॉलॉजी म्हणतात ते शास्त्र. आजकाल पॅथॉलॉजी म्हटले की रक्त-लघवी तपासण्याची खोली एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. परंतु निरोगी शरीर रोगी कसे होते, कोणत्या अवयवात कोणता बदल आधी घडतो व कोणता नंतर, ह्याचा मूलगामी विचार करणारे ते शास्त्र आहे. रोग्याच्या शरीरातील एक लहानसा तुकडा घ्यावयाचा, तो मेणात बसवावयाचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ काप काढावयाचे, काचपट्टीवर ठेवून त्यांस रंग द्यावयाचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास पाहात बसावयाचे. ह्या कामात फी नाही, रोग्याचे आशीर्वाद नाहीत, नावाची पाटी नाही. ज्या काळी विलायतेहून पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरास मुंबईत धनिक रोग्यांची वाण नव्हती, त्या काळी खानोलकरांनी हे अबोल शास्त्र आपले मानले.

स्वदेशी परतल्यावर त्यांनी प्रथम ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. ह्या दुसऱ्या महाविद्यालयाचा इतिहास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. देणगीदारांनी अशी अट घातली होती की, तेथील अध्यापकवर्ग सरकारी नोकरीत नसलेल्या सुयोग्य भारतीयांचाच असावा. परक्यांच्या राज्यात भारतीय डॉक्टर शिकवू शकतो, एवढेच नव्हे तर नवे ज्ञानही निर्माण करू शकतो, हे सिद्ध करण्याची जबाबदारी १९२५-२६ साली सुरू झालेल्या ह्या महाविद्यालयाच्या व त्यास जोडलेल्या के. ई. एम. रुग्णालयाच्या शिरावर आली. खानोलकरांसारख्या अध्यापकांनी ती पेलली. जेथे शोधाची परंपरा रुजते तेथे फळे येतातच. १९५२ साली ह्याच संस्थेत डॉ. य. म. भेंडे व त्यांचे सहकारी ह्यांनी रक्ताचा एक अत्यंत दुर्मीळ गट प्रथम ओळखला. तो आज जगभर बाँबे रक्तगट ह्या नावाने प्रसिद्ध आहे.

खानोलकरांच्या आयुष्यातील महत्त्वाचे वळण १९४१ साली आले. लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्यानंतर, टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्याने परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उभारले गेले. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांचे व संशोधनाचे संचालकपद खानोलकरांकडे आले. त्या काळी कर्करोग हा सुधारलेल्या, धनवान पाश्चात्त्य देशांचा रोग आहे, हिंदुस्थानात तो क्वचित आढळतो, असा समज पुष्कळ शिकलेल्या माणसांतही होता. खानोलकरांनी तो पुराव्याने दूर केला. आपल्या देशातही कर्करोग भरपूर आहे, मात्र तो कोणत्या अवयवास होतो हे माणसांच्या राहणीवर व सवयींवर अवलंबून असते, हे त्यांनी दाखवून दिले.

ह्या कामाचा एक नमुना सांगतो, म्हणजे संशोधन हे केवळ महागड्या यंत्रांचे काम नव्हे, हे आमच्या तरुण वाचकांच्या ध्यानी येईल. १९४५ साली त्यांनी भारतातील तीन नव्या प्रकारच्या कर्करोगांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील एक धोतराचा कर्करोग. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेवर एकाच जागी आवळून बांधली जाते. घर्षण आणि घाम ह्यांमुळे तेथील कातडी काळवंडते, मग जाड होते, चिघळते, आणि कित्येक वर्षांनी काही जणांस त्याच जागी कर्करोग होतो. दुसरा खैनीचा. तंबाखू व चुना मळून खालच्या ओठात धरण्याची जेथे रूढी आहे, तेथे ओठाच्या नेमक्या त्याच भागात रोग उद्भवतो. धोतर कोणी पाहिले नव्हते? तंबाखू मळणारा तळहात कोणाच्या ओळखीचा नव्हता? परंतु पाहणे आणि निरखणे ह्यांत अंतर आहे. रोग्यास औषध दिल्यावर, हा रोग ह्याच माणसास, ह्याच जागी का झाला, असे विचारण्याची सवय ज्यास लागली तोच संशोधक. आणखी एक गोष्ट विशेष की, त्या निबंधावर खानोलकरांच्या नावाशेजारी बी. सूर्याबाई ह्या सहकाऱ्यांचेही नाव आहे. हाताखालच्या माणसाकडून काम करवून घ्यावयाचे आणि श्रेय मात्र आपल्या पदरात ओढावयाचे, असा व्यवहार मोठ्या कचेऱ्यांतून आपण सर्वांनी पाहिला आहे. श्रेयाचा न्याय्य वाटा हा शिष्यास मिळणारा पहिला पगार होय.

कर्करोगाप्रमाणेच कुष्ठरोगावरही त्यांनी परिश्रम केले. रोगाच्या अगदी आरंभी त्वचेत आणि मज्जातंतूंत कोणते फरक पडतात, ह्याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. रक्तगट व आनुवंशिकता हा त्यांचा तिसरा विषय. डॉ. ल. द. संघवी ह्यांच्या समवेत त्यांनी मुंबईतील आपसांतच विवाहसंबंध करणाऱ्या सहा ज्ञातींमधील सात आनुवंशिक लक्षणांची तपासणी केली. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ह्या अभ्यासाचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत. ज्ञातींची नावे आपण सामान्यतः अभिमानासाठी उच्चारतो, त्यांनी ती अभ्यासासाठी उच्चारली. ज्ञातीज्ञातींत ह्या लक्षणांचे प्रमाण कमीअधिक असते, परंतु ए, बी वा ओ ह्यांपैकी कोणताही रक्तगट एकाच ज्ञातीच्या मालकीचा नाही. रुग्णालयात रक्ताची बाटली लावताना कोणी आडनाव विचारीत नाही, गट विचारतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

१९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. येथे त्यांच्यातील गुरूचे खरे दर्शन घडते. वैद्यकीय संशोधन म्हणजे केवळ डॉक्टरांची मिरासदारी, असे त्यांनी मानले नाही. त्यांच्याभोवती निरनिराळ्या शास्त्रांतील तरुण जमले. संघवी आनुवंशिकीकडचे. सत्यवती सिरसाट सूक्ष्मजीवशास्त्र शिकून आल्या आणि पुढे विद्युत्-सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने कर्कपेशींचा अभ्यास करणाऱ्या आपल्या देशातील अग्रगण्य संशोधिका झाल्या. ज्या काळी मुलीने पदवी घेतली तरी घरच्यांस तिच्या लग्नाचीच काळजी अधिक, त्या काळी ह्या प्रयोगशाळेचे दार स्त्रियांस मोकळे होते.

त्यांच्या शिष्यवर्गातील सर्वांत प्रसिद्ध नाव डॉ. कमल रणदिवे ह्यांचे. पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी जन्मलेल्या कमलताई मूळच्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनी. विवाहानंतर मुंबईस आल्यावर त्या खानोलकरांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या आणि त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळविली. गुरूने शिष्येस आपल्याच छायेत अडकवून ठेवले नाही. कमलताई अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. जॉर्ज गाय ह्यांच्या प्रयोगशाळेत शरीराबाहेर पेशी वाढविण्याचे तंत्र शिकल्या, मायदेशी परतल्या, आणि भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी मुंबईच्या ह्या केंद्रात उभारली. पुढे त्या स्वतः ह्या केंद्राच्या प्रमुख झाल्या. परदेशी गेलेल्या तरुणांनी परत यावे म्हणून त्यांनी मनापासून प्रयत्न केले. १९७३ साली भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या संघटनेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला आणि १९८२ साली त्यांस पद्मभूषण हा सन्मान लाभला. एका गुरूने एक शिष्या घडविली, आणि त्या शिष्येने पुढे किती जणांस वाट दाखविली ह्याची गणती करणे कठीण आहे. दिव्याने दिवा लागतो म्हणतात, तो असा.

खानोलकरांस मानसन्मान भरपूर मिळाले. भारत सरकारने त्यांस पद्मभूषण देऊन गौरविले, राष्ट्रीय प्राध्यापकपद दिले. अणुकिरणांच्या परिणामांचा विचार करण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने १९५५ साली जी शास्त्रीय समिती नेमली, तीत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९६० ते १९६३ ह्या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

आता वाचक म्हणतील की, हे सारे मुंबईचे वैभव झाले, त्याचा आमच्या बालाघाटाच्या डोंगराशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो निकटचा आहे. परळला लागलेल्या ह्या वृक्षाची एक फांदी आपल्या कुंपणापर्यंत आली आहे. आपल्या शेजारच्या बार्शीस डॉ. नेने ह्यांच्या परिश्रमाने कर्करोग रुग्णालय उभे राहिले. तेथे १९८७ साली ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही सुरू झाली, आणि ती भारतातील अशा प्रकारची पहिली होय. बार्शी, परांडा व भूम ह्या तालुक्यांतील खेड्यांतून फिरून कार्यकर्त्यांनी रोग्यांची नोंद केली. त्यानंतर टाटा स्मारक, बार्शीचे रुग्णालय आणि एक आंतरराष्ट्रीय संस्था ह्यांनी मिळून, त्या वेळच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ५२ ग्रामसमूहांतील १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत अभ्यास केला. विषाणूची एक वेळ तपासणी केल्याने ह्या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर येतात, हा त्याचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला आणि साऱ्या जगाने तो प्रमाण मानला. ज्या स्त्रियांमुळे जगास हे ज्ञान लाभले त्या आपल्याच बहिणी, आपल्याच सोयऱ्यांच्या घरच्या. खेड्यात संशोधन होत नाही, असे ह्यापुढे कोणी म्हणू नये.

आपल्या जिल्ह्याचेच पाहू. अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० नंतरच्या दशकापासून उभे आहे. खेड्यासाठी म्हणून मुद्दाम काढलेले ते महाविद्यालय, आणि त्याच्या अवतीभोवती प्रश्नांची वाण नाही. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातील लक्षावधी माणसे उचल घेऊन, मुले व बिऱ्हाड गाडीत घालून, ऊसतोडीस बाहेर पडतात. ह्या स्त्रियांपैकी पुष्कळांचे गर्भाशय अल्पवयातच काढून टाकल्याची गोष्ट वृत्तपत्रांतून गाजली, तेव्हा कोठे २०१९ साली सरकारी समिती बसली. सुमारे ८२,००० स्त्रियांच्या पाहणीत १३,००० हून अधिक स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळी चुकविण्यासाठी, मजुरीचा खाडा टाळण्यासाठी, की भलत्याच भीतीने, ह्याची चर्चा पुष्कळ झाली. आमच्या मनास मात्र एकच गोष्ट लागून राहिली. गावोगाव डॉक्टर होते, कित्येक त्यांतले आपले होते. एखाद्या तरुण डॉक्टराने वहीत चार रकाने पाडून वय, मुले, काम आणि शस्त्रक्रियेचे कारण एवढेच टिपून ठेवले असते, तर ही संख्या किती तरी आधी उजेडात आली असती. धोतराच्या गाठीकडे पाहणारी नजर त्या वेळी आपल्यात नव्हती.

अशी नजर असल्यास लहानशा जागीही काय होऊ शकते, ह्याचे उदाहरण मराठवाड्यानेच दिले आहे. जालना जिल्ह्यातील देहेड ह्या खेड्यात गरिबीत वाढलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाने माणसे दगावताना पाहून ते रोग्याच्या उशाशी बसून राहिले, नाडी, रक्तदाब, घाम ह्यांची टिपणे त्यांनी ठेवली आणि प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला. ह्या उपचाराने विंचूदंशाचे मृत्यू फार कमी झाले.

परंतु प्रत्येक तरुणास एकट्याने अशी वाट पाडता येईल, अशी अपेक्षा धरणे न्याय्य नव्हे. संशोधन ही विद्या आहे, आणि विद्या शिकावी लागते. प्रश्न नेमका कसा मांडावा, नोंद प्रामाणिकपणे कशी ठेवावी, रोग्याची संमती कशी घ्यावी, तुलना कशाची कशाशी करावी, आणि अपेक्षेविरुद्ध उत्तर आले तरी ते न लपविता कसे लिहावे, हे पुस्तकातून थोडे व गुरूच्या सहवासातून अधिक येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७९ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी अल्प मुदतीची विद्यावेतन योजना सुरू केली. विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयातील एका अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिने एका लहानशा प्रश्नावर काम करावयाचे व अहवाल पाठवावयाचा, असे तिचे स्वरूप. पुढे पदव्युत्तर शिक्षणात तर प्रबंध लिहावाच लागतो. कित्येकांच्या हातून तो केवळ उपचार म्हणून, जुन्या प्रबंधांवरून उतरवून काढला जातो. गुरू चांगला लाभल्यास तोच प्रबंध आयुष्याची दिशा ठरवितो.

येथे ज्ञातिबांधवांस आमचे काही नम्र सांगणे आहे. मुलाचा नीट परीक्षेत क्रमांक लागला की आपण त्यास शाल-श्रीफळ देतो. पदवी हाती पडताच दवाखाना कोणत्या चौकात काढणार, कर्ज किती फेडले, सोयरीक कोणाकडची, हे प्रश्न सुरू होतात. त्याने दोन वर्षे अल्पशा विद्यावेतनावर प्रयोगशाळेत घालवावयाची म्हटले, तर मुलगा वाया गेला अशी कुजबूज होते. कर्जाचा बोजा खरा आहे, आईबापांच्या डोळ्यांतील वाट पाहणे खरे आहे, त्यांस आम्ही दोष देत नाही. म्हणूनच हा भार एकट्या घराने न वाहता संस्थेने थोडा उचलावा, असे आम्हांस वाटते. शिष्यवृत्तिनिधीतील काही भाग, सुटीत संशोधनाचे काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या राहण्याजेवण्यासाठी राखून ठेवावा. समाजातील अनुभवी डॉक्टरांनी प्रत्येकी एकदोन विद्यार्थ्यांस आपल्या रुग्णालयात नोंदवही ठेवावयास शिकवावे. वार्षिक मेळाव्यात गुणांच्या टक्केवारीबरोबर, ज्याने एखादा प्रश्न तडीस नेला त्याचाही सत्कार व्हावा. मुलींस ह्यात आधी संधी द्यावी, कारण ऊसतोडीच्या स्त्रिया जे दुःख पुरुष डॉक्टरास सांगावयास लाजतात ते त्यांस सांगतील.

डॉ. खानोलकरांच्या नावे अनेक शोधनिबंध आहेत, परंतु त्यांची खरी मिळकत म्हणजे त्यांनी घडविलेली माणसे. आपल्या जिल्ह्यातील दुष्काळ, ऊसतोड आणि तंबाखू ह्यांतून उपजणारी दुखणी बाहेरच्या विद्वानांनी येऊन मोजावीत व आपण वृत्तपत्रात वाचावीत, ही स्थिती आपल्याच मुलांनी पालटावी, आणि त्यांच्यापैकी एखाद्याने पुढे दहा जणांस वाट दाखवावी, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही ह्या थोर गुरूच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करतो.